पीएच.डी.च्या रिक्त जागांच्या यादीत निधीचा रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेटची (विद्यापीठाच्या पीएच.डी. प्रवेश परीक्षेची) जाहिरात निघाली की सोलापुरातल्या एम.एस्सी., एम.ई. झालेल्या मुलामुलींची धावपळ सुरू होते. कोणत्या सरांकडे जागा रिकामी आहे, ओळख कोणाची आहे, फॉर्मची शेवटची तारीख कधी, हे सगळे विचारून होते. पुढची चार-पाच वर्षे पोट कशावर चालणार, हा प्रश्न नोंदणी झाल्यावर निघतो. मग सकाळी तासिका तत्त्वावर शिकवायचे, संध्याकाळी क्लास घ्यायचे आणि उरल्या वेळात प्रयोगशाळा, असे सुरू होते. पीएच.डी. सहा वर्षांवर जाते किंवा अर्धवट सुटते.

विज्ञान आणि अभियांत्रिकीतली पूर्णवेळ पीएच.डी. हे पगारी काम आहे. जेआरएफचा (कनिष्ठ संशोधन फेलोशिपचा) दर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर एसआरएफ (वरिष्ठ फेलो) म्हणून ४२,००० रुपये आहे. वसतिगृह मिळाले नाही तर घरभाडे वेगळे. पुणे आणि हैदराबाद केंद्राच्या वर्गवारीत 'एक्स' वर्गातली शहरे असल्याने तिथे घरभाड्याचा दर जास्त, सोलापूर 'वाय' वर्गात असल्याने थोडा कमी. सीएसआयआरच्या (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या) फेलोला वर्षाला २०,००० रुपये किरकोळ खर्चासाठी मिळतात. हे आकडे आधी डोळ्यांसमोर ठेवावेत आणि मग फुकट राबायचे की नाही ते ठरवावे. आधी निधी, मग नोंदणी, असा क्रम ठेवला तर शोधाची रीतच बदलते. ती कशी, हे सांगण्यासाठी आणि शेवटी विद्यापीठाकडे एक मागणी करण्यासाठी हे पत्र.

पैसा तीन वाटांनी येतो : तुमच्या स्वतःच्या नावावर, संस्थेच्या तिजोरीतून, किंवा गाईडच्या संशोधन प्रकल्पातून. पहिली वाट सर्वांत भक्कम, कारण पगार सोबत घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला कोणतीच प्रयोगशाळा सहसा नाही म्हणत नाही. सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा वर्षातून दोनदा होते. रसायन, भौतिक, जीव, गणित आणि भूविज्ञान असे तिचे पाच विषय. जून २०२४ च्या परीक्षेपासून निकाल तीन गटांत लागतो आणि इथे बरीच गफलत होते. पहिल्या गटात जेआरएफ असते, दुसऱ्यात सहायक प्राध्यापकपदाची आणि पीएच.डी. प्रवेशाची पात्रता, तिसऱ्यात फक्त पीएच.डी. प्रवेशाची. 'नेट निघाली' म्हणून पेढे वाटणाऱ्यांपैकी अनेक जण दुसऱ्या-तिसऱ्या गटातले असतात. त्यांची प्रवेश परीक्षा टळते, नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन मिळते, पण पैसा एक रुपयाही येत नाही. शिवाय प्रवेशासाठी ही पात्रता एकच वर्ष टिकते. एससी आणि ओबीसी विद्यार्थ्यांसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिपची निवडही नेटच्या गुणांवरूनच होते. म्हणून नेट पुन्हा देऊन गुण वाढवणे कधीही वाया जात नाही.

केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या (डीएसटी) इन्स्पायर फेलोशिपबद्दल आपल्याकडे कमालीचे अज्ञान आहे. विद्यापीठाच्या पदव्युत्तर परीक्षेत आपल्या विषयात पहिला क्रमांक मिळवणाऱ्याला तिच्यासाठी अर्ज करता येतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातून दरवर्षी प्रत्येक विज्ञान विषयात कोणीतरी पहिले येतेच. दीक्षान्त समारंभात सुवर्णपदक घेऊन फोटो काढला जातो आणि विषय तिथेच संपतो. पदकावर अर्ज होत नाही, परीक्षा विभागाचे पहिल्या क्रमांकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. वयाची अटही आहे, त्यामुळे 'दोन वर्षे नोकरी करून बघू' म्हणणाऱ्याच्या हातून ती निसटते. जीवशास्त्राच्या मुलांनी नेटबरोबर डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बीईटी आणि आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधन परिषदेची) जेआरएफ परीक्षाही द्यावी. अभ्यासक्रम बराचसा सामाईक आहे.

दुसरी वाट संस्थेच्या तिजोरीची. अभियंत्यांसाठी तिचे मुख्य दार गेट या राष्ट्रीय परीक्षेचे. आयआयटी, आयआयएस्सी, एनआयटी यांच्या पूर्णवेळ पीएच.डी.ला संस्थेची असिस्टंटशिप मिळते. तिच्या बदल्यात आठवड्याला साधारण आठ तास प्रॅक्टिकल घेणे, पेपर तपासणे अशी कामे करावी लागतात. गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षे चालतो आणि आपली मुले नेमकी या तीन वर्षांत अडकतात. हिशेब असा : बी.ई.च्या शेवटच्या वर्षी फेब्रुवारी २०२३ मध्ये गेट दिली, निकाल मार्चमध्ये लागला, स्कोअर मार्च २०२६ पर्यंत. त्याच वर्षी एम.ई.ला प्रवेश घेतला, प्रबंध लांबत लांबत २०२५ च्या अखेरीला सादर झाला. आयआयटीच्या पीएच.डी.च्या मुलाखती मे-जूनमध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतात. डिसेंबरची फेरी हुकली आणि मे २०२६ मध्ये स्कोअर संपलेला. म्हणून एम.ई.च्या दुसऱ्या वर्षी गेट पुन्हा द्यावी, मग पहिला स्कोअर कितीही चांगला असो. फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरायचा असतो. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपून अभ्यासाला बसणाऱ्याच्या हाती परीक्षेपर्यंत जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात.

भौतिकशास्त्रवाल्यांनी मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा आणि जेस्ट ही अनेक संस्थांची सामाईक परीक्षा, या दोन्ही नोंदून ठेवाव्यात. पुण्याच्या आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्थांचे दार नेटशिवायही उघडू शकते, हे अनेकांना माहीत नसते. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांमधली पीएच.डी. एसीएसआयआर ही अकादमी देते. तिचे प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि ऑगस्टच्या सत्रांसाठी होतात. पंतप्रधान रिसर्च फेलोशिपचा मूळ दर महिना ७०,००० पासून ८०,००० रुपयांपर्यंत आणि वर सालाना दोन लाखांचे संशोधन अनुदान असा आहे. आयआयटीत साध्या असिस्टंटशिपवर प्रवेश घेतल्यानंतरही तिच्यासाठी नाव जाऊ शकते. आधी आत शिरावे, मग तिचा विचार करावा.

सोलापूरकरांच्या दोन्ही हातांना संशोधन संस्था आहेत. एकीकडे पुण्यात एनसीएल, आयसर, आयआयटीएम, एनसीसीएस, आघारकर. दुसरीकडे हैदराबादेत सीसीएमबी, आयआयसीटी, एनजीआरआय, आयआयटी. सकाळी निघून मुलाखत देऊन परतता येईल अशा अंतरावर इतक्या संस्था असलेली शहरे महाराष्ट्रात फार नाहीत. तरी हैदराबादचा विचार आपल्याकडे मुले क्वचितच करतात. का, ते आम्हाला आजवर उमगलेले नाही. घरात तेलुगू बोलणारी मुले तर पूर्व भागात गल्लोगल्ली आहेत.

आता तिसरी वाट, प्रकल्पातल्या जेआरएफची. परीक्षेत न चमकलेल्या पण हाताने काम करणाऱ्या मुलासाठी ही खरी संधी, आणि फसगतही इथेच जास्त. प्राध्यापकाला एएनआरएफ (राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान), डीएसटी, डीबीटी, सीएसआयआर यांच्याकडून प्रकल्प मिळतो, त्यात एका-दोघांच्या पगाराची तरतूद असते. (पूर्वीचे एसईआरबी आता एएनआरएफमध्ये विलीन झाले आहे, जुन्या जाहिरातींत जुने नाव दिसेल.) जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर 'टेम्पररी पोझिशन्स' किंवा 'प्रोजेक्ट स्टाफ' या कोपऱ्यात पडते, मुख्य पानावर येत नाही. मुदत दोन-तीन आठवड्यांची असते. त्यामुळे वीस-पंचवीस संस्थांची ती पाने जतन करून दर सोमवारी उघडून पाहणे, हा एकच उपाय. जीवशास्त्रासाठी इंडिया बायोसायन्सच्या संकेतस्थळावर अशा जाहिराती एकत्र मिळतात.

जाहिरात हातात आली की सगळ्यात आधी प्रकल्प कधी मंजूर झाला ते पाहावे. तीन वर्षांचा प्रकल्प २०२३ मध्ये मंजूर झाला असेल आणि जाहिरात २०२५ च्या मध्यावर असेल, तर आधीचा विद्यार्थी सोडून गेलेला आहे आणि पगार जेमतेम वर्षभराचा उरला आहे. तो का गेला, हे प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या कोणाला तरी विचारून घ्यावे. त्यानंतर 'पीएच.डी. नोंदणीची संधी' हे शब्द लेखी आहेत का ते पाहावे. प्रकल्पात निवड झाली म्हणजे पीएच.डी.ला प्रवेश मिळाला असे होत नाही. त्या संस्थेची प्रवेश परीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क हे सगळे वेगळे असते. पद जेआरएफचे आहे की प्रोजेक्ट असोसिएटचे, हेही बघावे. नेट-गेट नसलेल्याला कमी दराच्या पदावर घेतात, आणि नियमाप्रमाणे ते बरोबर आहे. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रासारख्या आयसीएआरच्या (कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थांत 'यंग प्रोफेशनल'ची पदे निघतात. तेल्या रोगावर काम करायला मिळाले तर अनुभव उत्तम, पण ती कंत्राटी नोकरी आहे, पीएच.डी.ची जागा समजून तिथे रुजू होऊ नये.

समजा, सगळे जुळले. तरी वेळेचा हिशेब मांडावाच. प्रकल्प छत्तीस महिन्यांचा. पैसे येऊन जाहिरात, मुलाखत, रुजू होणे यात पहिले सहा महिने जातात. पेटची वाट पाहणे, नोंदणी आणि किमान १२ क्रेडिटचे कोर्सवर्क यात आणखी वर्ष. म्हणजे स्वतःच्या विषयावर पगारी काम साधारण दीड वर्ष, आणि प्रबंधाला त्यानंतरही दोन वर्षे लागतात. ती दोन वर्षे कोण भरून काढणार? उत्तर एकच : प्रकल्पात रुजू झाल्यापासून पहिल्या वर्षभरात नेट किंवा गेट काढायची आणि स्वतःच्या फेलोशिपवर जायचे. ते जमले नाही तर दोन वर्षांचा अनुभव आणि चांगल्या नियतकालिकातला शोधनिबंध यांच्या बळावर सीएसआयआरच्या डायरेक्ट एसआरएफला अर्ज करायचा. 'सर दुसरा प्रकल्प आणतील' यावर विसंबू नये. सर प्रयत्न करतील, पण मंजुरी त्यांच्या हातात नसते.

गाईडच्या निवृत्तीची तारीख विचारायला मुले लाजतात. लाजू नये. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार अशी विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. मुलींनी आणखी एक तरतूद लक्षात ठेवावी : पीएच.डी.च्या काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते. 'लग्न ठरले म्हणून सोडली' असे सांगणाऱ्या बऱ्याच जणींना हे कोणी सांगितलेलेच नसते.

राज्याच्या फेलोशिपचा क्रम मात्र उलटा आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. या तिन्ही ठिकाणी नोंदणी आधी लागते आणि अर्ज नंतर होतो. जाहिरात कधी येईल याचे वेळापत्रक नाही, आणि ती आली की ठरावीक कालखंडात नोंदणी झालेलेच पात्र ठरतात. त्या कालखंडाच्या अलीकडे-पलीकडे नोंदणी झालेला बाहेर राहतो. जागाही मर्यादित. मिळाली तर पोटभर आहे, म्हणून अर्ज जरूर करावा, पण केवळ तिच्या भरवशावर नोकरी सोडून नोंदणी करणे हा जुगार आहे. तरीही ज्यांना नोंदणी करायचीच आहे त्यांनी नोंदणीपत्र, आरआरसीच्या (संशोधन मान्यता समितीच्या) मान्यतेचे पत्र, रुजू अहवाल आणि दर सहा महिन्यांचे प्रगती अहवाल यांची फाइल पहिल्या दिवसापासून तयार ठेवावी. जाहिरात आल्यावर जुन्या तारखेची कागदपत्रे मागत कार्यालयात हेलपाटे घालणाऱ्याची मुदत तिथेच संपते.

कागदपत्रांचा विषय निघालाच आहे तर जातीच्या दाखल्याबद्दल. आयआयटी, आयसर, सीएसआयआर या केंद्राच्या संस्था. तिथे ओबीसी नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो आणि तो चालू आर्थिक वर्षातला मागतात. सेतू केंद्रातून सवयीने मिळणारा राज्याचा दाखला तिथे चालत नाही. अर्ज करतानाच 'केंद्र शासनाच्या नमुन्यात' असे सांगावे लागते. राज्यात धनगर एनटी-सीमध्ये आणि बंजारा व्हीजे-एमध्ये असले तरी केंद्रात ते ओबीसी आहेत. फॉर्ममध्ये 'एनटी' हा पर्याय शोधून न सापडल्याने खुल्या प्रवर्गात अर्ज करणारी मुले दरवर्षी भेटतात. मराठा समाजासाठी राज्यात असलेला एसईबीसी प्रवर्ग केंद्रात नाही. तिथे अर्ज खुल्या प्रवर्गातून करावा, किंवा निकषांत बसत असल्यास केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढावा. दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवला तर मेच्या मुलाखती साधतात. सीजीपीएचे टक्क्यांत रूपांतर करण्याचे विद्यापीठाचे पत्र आणि ट्रान्सक्रिप्टही तेव्हाच मागून घ्यावे.

प्राध्यापकाला पाठवायच्या ई-मेलबद्दल थोडे सविस्तर, कारण बहुतेक अर्ज इथेच मरतात. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग' असा एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला की पन्नास जण तो न वाचताच पुसतात. ई-मेल एका स्क्रीनमध्ये मावावा. पहिल्या ओळीत तुम्ही कोण, नेट-गेटची स्थिती काय आणि कधीपासून येऊ शकता. मग एम.एस्सी. किंवा एम.ई.च्या प्रकल्पात तुम्ही स्वतः काय मोजले, कोणत्या उपकरणावर, निकाल काय आला, हे तीन वाक्यांत. त्यानंतर त्यांच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या एका निबंधाबद्दल एक खरा प्रश्न. निबंध वाचल्याशिवाय तो प्रश्न सुचत नाही आणि समोरच्याला ते लगेच कळते. सोबत दोन पानांचा सीव्ही, फाइलला स्वतःचे नाव दिलेले. ई-मेल पत्ताही स्वतःच्या नावाचा असावा, कॉलेजात असताना गमतीने काढलेला नको. दहा दिवसांनी एकदा आठवण करावी, त्यानंतर पुढच्या नावाकडे वळावे. फोन करू नये आणि ओळखीच्या पुढाऱ्याचे पत्र तर अजिबात जोडू नये.

मुलाखतीत पाठांतर टिकत नाही. समिती 'आवडता विषय कोणता' असे विचारते आणि मग त्यातच खोल उतरते. आपल्या भागात एम.एस्सी.चे प्रकल्प बहुतांशी पातळ थर आणि नॅनो पदार्थांवर असतात, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. स्प्रे पायरोलिसिसने (तापलेल्या काचेवर द्रावण फवारून) काचेवर झिंक ऑक्साइडचा थर बसवला असे तुम्ही सांगता. काचेचे तापमान किती ठेवले? ४०० अंश का, २०० ला काय झाले असते, ६०० ला काच टिकली असती का? थराची जाडी कशी मोजली? एक्सआरडीवरून (क्ष-किरण विवर्तनावरून) कणांचा आकार काढला, तर शेररच्या सूत्रात बीटा रेडियनमध्ये घेतला की अंशांत? शिखराच्या रुंदीतून उपकरणाची स्वतःची रुंदी वजा केली का? १.५४०६ अँगस्ट्रॉम ही तरंगलांबी कोणत्या धातूच्या नळीची? टॉक आलेखावरून (प्रकाश शोषणाच्या मोजमापावरून) बँड गॅप ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आला, पण वर्ग घेतला तो का, वर्गमूळ का नाही? कण लहान झाले की बँड गॅप का वाढतो? प्रबंधात आलेख सुबक छापलेला असतो, मात्र नमुना बाहेर पाठवून कोणीतरी काढून आणलेला असल्याने यातले एकही उत्तर येत नाही. ज्याला सगळी येतात त्याचे गुण थोडे कमी असले तरी समिती सांभाळून घेते.

अभियांत्रिकीत हीच गत ॲन्सिस या ताण-तापमानाचे गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरवरच्या प्रकल्पांची. रंगीत चित्र दाखवले की पहिला प्रश्न येतो, गणितासाठीच्या तुकड्यांची जाळी निम्म्या आकाराची केल्यावर ताण किती बदलला? तपासलेच नसेल तर पुढचे सगळे निरर्थक ठरते. आतल्या टोकदार कोपऱ्यात जाळी जितकी बारीक कराल तितका ताण वाढतच जातो, तो आकडा खरा नसतो, हे ठाऊक हवे. त्याखेरीज बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाचे गणित. आयगेन व्हॅल्यूचा अर्थ फळ्यावर समजावता आला पाहिजे. तयारी करायची तर पदवीचे दोनच विषय निवडावेत आणि त्यांतले प्रत्येक सूत्र कोऱ्या कागदावर सिद्ध करून पाहावे. दहा विषय वरवर वाचून काही होत नाही.

परदेशाबद्दल थोडक्यात. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे इथे पीएच.डी.चा विद्यार्थी बहुधा संस्थेचा कर्मचारीच असतो. जागेची जाहिरात नोकरीसारखी निघते, करार होतो, पगार मिळतो, अर्जाला शुल्क नसते. युरोपभरच्या जागा यूराॲक्सेसवर, नेदरलँड्सच्या ॲकॅडेमिक ट्रान्स्फरवर, नॉर्वेच्या जॉबनॉर्गेवर सापडतात. जर्मनीसाठी डीएएडी या विद्यार्थी-देवाणघेवाण संस्थेचे संकेतस्थळ आणि माक्स प्लांक संस्थांच्या आयएमपीआरएस या पीएच.डी.च्या शाळा पाहाव्यात. मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागांना एक अट असते : ज्या देशात जायचे तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक राहिलेले नसावे. सोलापुरातून थेट जाणाऱ्याला ती आपोआप अनुकूल आहे. ब्रिटनमध्ये मात्र 'फंडेड' शब्दाखाली नीट वाचावे. कित्येकदा निधी स्थानिक विद्यार्थ्यांच्या शुल्काइतकाच असतो आणि परदेशी विद्यार्थ्याने वरचा फरक स्वतः भरायचा असतो. अमेरिकेत अर्ज डिसेंबरमध्ये बंद होतात आणि प्रवेश पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरचा. २०२५ पासून तिथल्या केंद्रीय संशोधन निधीला कात्री लागल्याने अनेक विभागांनी जागा कमी केल्या आहेत, तेव्हा फक्त अमेरिकेवर सगळी मदार ठेवू नये. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पीएच.डी.लाही आहे. विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतले स्थान तिच्या अटीत बसते का, हे अर्जाआधीच पाहावे.

परदेशी अर्ज शिफारसपत्रांवर अडतात. शिफारस करणाऱ्याला विद्यापीठाकडून लिंक जाते, ती स्पॅममध्ये पडते, मुदत टळते आणि विद्यार्थ्याला कळतही नाही. आमच्या प्राध्यापक व्यवसायबंधूंना विनंती : संस्थेचा ई-मेल पत्ता वापरा, जीमेलवरून आलेल्या शिफारशीकडे तिकडे संशयाने पाहतात. आणि 'तूच लिहून आण, मी सही करतो' हे बंद करा. तीन शिफारसपत्रांत एकाच विद्यार्थ्याची वाक्यरचना दिसली की अर्ज बाजूला पडतो.

पैसे घेऊन पीएच.डी. मिळवून देणारे, शोधनिबंध छापून देणारे, परदेशात 'फंडेड सीट' पक्की करणारे यांची दुकाने सोलापुरातही आहेत. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पाच वर्षे पीएच.डी. प्रवेशाला मनाई केली. परदेशी संस्थांच्या भागीदारीत एडटेक कंपन्या देत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी. मान्य नाहीत, हेही यूजीसी आणि एआयसीटीईने २०२२ मध्येच जाहीर केले आहे. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे 'केअर लिस्टेड' असे सांगून पैसे मागणाऱ्याकडे लक्ष देऊ नये. ज्या जागेला खरोखर निधी आहे ती तुमच्याकडे पैसे मागत नाही.

फेलोशिप मिळाल्यानंतरही महाविद्यालयाच्या कार्यालयामुळे पैसा अडतो. यूजीसीच्या आणि तशा अन्य केंद्रीय फेलोशिपमध्ये दर महिन्याला संस्थेतल्या 'मेकर'ने नोंद करायची आणि 'चेकर'ने ती मंजूर करायची असते. संबंधित लिपिक रजेवर गेला, बदलून गेला किंवा पासवर्ड विसरला की विद्यार्थी उपाशी. संशोधन केंद्र निवडताना तिथे आधीचा एखादा फेलो आहे का आणि त्याचे पैसे वेळेवर येतात का, हे विचारावे. दोन वर्षांनी जेआरएफची एसआरएफ आपोआप होत नाही. बाहेरच्या तज्ज्ञासह तीन जणांच्या समितीपुढे कामाचे मूल्यमापन करून अहवाल पाठवावा लागतो. तो उशिरा गेला की वाढीव रक्कमही अडकते.

आता आमची मागणी. विद्यापीठ पेटच्या वेळी विषयवार गाईड आणि रिक्त जागांची यादी जाहीर करते. त्या यादीत आणखी एक रकाना घालावा : या जागेला निधी आहे का, असल्यास कोणत्या संस्थेचा, आणि किती महिन्यांचा शिल्लक आहे. ही माहिती विद्यापीठाकडे असतेच. प्रकल्पाचे पैसे विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या खात्यातूनच जातात आणि दरवर्षी वापर प्रमाणपत्र द्यावे लागते. रकाना भरायला प्रत्येक गाईडला पाच मिनिटे लागतील. बहुतेक ओळींत 'नाही' असे येईल, याची आम्हाला कल्पना आहे. येऊ द्यावे. वालचंद, संगमेश्वर, दयानंद, ऑर्किड, पंढरपूरचे स्वेरी अशा ज्या ज्या महाविद्यालयांत संशोधन केंद्र आहे, त्यांनी विद्यापीठाची वाट न पाहता आपल्या फलकावर हा रकाना लावला तरी चालेल.

आणि एक विनंती आपल्याला. आपल्या दैनिकात नोकरीच्या जाहिरातींसाठी जागा असतेच. त्यातच आठवड्यातून एकदा, पुणे आणि हैदराबादच्या संस्थांतल्या प्रकल्प जेआरएफच्या पाच-सहा जागा छापाव्यात : पद, विषय, पात्रता, शेवटची तारीख, प्रकल्पाचा उरलेला काळ. आम्ही ही यादी दर शनिवारी तपासून आपल्याकडे पाठवायला तयार आहोत. मुदत दोन-तीन आठवड्यांची असल्याने ती सोमवारच्या अंकात आली तर अक्कलकोट, बार्शी, सांगोल्याच्या मुलांनाही अर्ज करायला पुरेसा वेळ मिळेल.

आपले,
सोलापुरातील विज्ञान व अभियांत्रिकी शाखांचे काही प्राध्यापक